माल, यंत्र आणि यंत्राची भाषा : इटलीची यंत्रनिर्यात व खानदेश

(१)

कोणत्याही प्रदेशाच्या औद्योगिक इतिहासाला दोन प्रश्न विचारावे लागतात. तेथे कोणता माल तयार होतो, हा पहिला. आणि तो माल ज्या यंत्रावर तयार होतो ते यंत्र कोठे तयार होते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याजिल्ह्यांच्या गॅझेटियरांतून विपुल सापडते. दुसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. खानदेशापुरता तो विचारला तर उत्तर सरळ आहे : कापूस, डाळी, तेलबिया व केळी हा माल येथला; परंतु ज्या यंत्रांवर या मालाचे संस्करण झाले ती यंत्रे दीर्घकाळ बाहेरून आली. उत्तर व मध्य इटलीत नेमके उलट घडले. तेथे मालाच्या शेजारी यंत्र जन्मले, आणि पुढे मालापेक्षाही यंत्रानेच जगाची बाजारपेठ गाठली. आज इटलीच्या निर्यातीत यंत्रसामग्री हा सर्वांत मोठा विभाग आहे.

प्रस्तुत लेखात या भेदाचा विचार करावयाचा आहे. इटलीचा यंत्रोद्योग कसा वाढला, त्याची यंत्रे महाराष्ट्रात कोणत्या वाटांनी आली, आणि खानदेशाच्या दृष्टीने त्यातून कोणता बोध निघतो, असा त्याचा क्रम आहे. पुरावा म्हणून कारखान्यांच्या इतिहासाबरोबर शब्दांचाही उपयोग केला आहे. कारण यंत्र ज्या वाटेने येते, बहुधा त्याच वाटेने त्याचे शब्दही येतात.

(२)

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इटलीतील अनेक कारखाने बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाले होते. पोंतेदेरा येथील पियाजिओचा विमानांचा कारखाना त्यांपैकीच एक. विमाने बनविण्याचे काम संपलेले, रस्ते मोडलेले आणि लोकांजवळ मोटार घेण्याइतका पैसा नाही, अशा स्थितीत कोर्रादिनो द’आस्कानिओ या हेलिकॉप्टरच्या तंत्रज्ञाने आखलेली ‘व्हेस्पा’ १९४६ मध्ये बाहेर पडली. पुढच्याच वर्षी मिलानच्या इन्नोचेंती कारखान्याची ‘लॅम्ब्रेटा’ आली, आणि १९४८ मध्ये पियाजिओने तीन चाकांची मालवाहू ‘आपे’ काढली. मार्शल योजनेची मदत, १९५७ च्या रोम करारातून निर्माण झालेली युरोपीय सामायिक बाजारपेठ आणि तुलनेने स्वस्त श्रम यांच्या बळावर १९५८ ते १९६३ या काळात इटलीची जी औद्योगिक वाढ झाली तिला ‘आर्थिक चमत्कार’ असेच नाव पडले.

या काळाचे वर्णन करताना तुरिनची फियाट किंवा इव्हरेआची ऑलिव्हेत्ती यांसारख्या मोठ्या कारखान्यांची नावे साहजिकच पुढे येतात. परंतु यंत्रनिर्यातीचा पाया केवळ त्यांनी घातला नाही. एमिलिया-रोमान्या, लोंबार्दी, व्हेनेतो या भागांतील लहानलहान गावांत पसरलेल्या, बहुधा एकेका कुटुंबाच्या मालकीच्या कारखान्यांचा त्यात फार मोठा वाटा आहे. बोलोन्याच्या परिसरात आवेष्टनाची, म्हणजे गोळ्या-चॉकलेटांना कागद गुंडाळणारी, औषधे व चहा पुड्यांत भरणारी यंत्रे होऊ लागली. सास्सुओलो व त्याच्या आसपास फरशांचे कारखाने वाढले. तेथून फार दूर नसलेल्या इमोला येथे १९१९ मध्ये नऊ कारागिरांनी एकत्र येऊन ‘साक्मी’ ही सहकारी संस्था काढली होती. आरंभी दुरुस्तीची व मिळतील ती कामे करणारी ही संस्था दुसऱ्या महायुद्धानंतर फरशा दाबण्याच्या यंत्रांकडे वळली आणि कालांतराने त्या धंद्यातील जगातल्या अग्रगण्य निर्मात्यांत गणली जाऊ लागली. आजही ती सहकारी संस्थाच आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राने ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे : आपल्या सहकाराने साखर बनविली, इमोलाच्या सहकाराने यंत्र बनविले.

हे कसे घडले? यंत्र वापरणारा आणि यंत्र घडविणारा हे एकाच तालुक्यात राहत होते, हे त्याचे पहिले कारण. दाब कमी पडून फरशीची कड तुटते, ही तक्रार पत्राने कळवावी लागत नसे. संध्याकाळी ती तोंडी सांगता येत असे आणि दुरुस्त केलेला साचा लवकरच कारखान्यात लावून पाहता येत असे. अशा शेकडो दुरुस्त्यांतून जे यंत्र सिद्ध होई, ते परक्या देशातील ग्राहकाच्या अडचणी त्याने सांगण्यापूर्वीच ओळखणारे असे. दुसरे कारण शिक्षणाचे. बोलोन्यातील आल्दिनी-व्हालेरियानी या तंत्रशाळेची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची असून, तिच्यातून बाहेर पडलेले विद्यार्थी आसपासच्या कारखान्यांत फोरमन झाले आणि त्यांतील काहींनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. तिसरे कारण कायद्याचे. १९५६ च्या कायद्याने कारागिरी उद्योगाला स्वतंत्र स्थान व सवलती दिल्या. १९६५ च्या ‘साबातिनी’ कायद्याने हप्त्यांवर यंत्र घेणे लहान कारखानदाराला शक्य झाले. यंत्राला प्रथम घरचेच गिऱ्हाईक मिळाले व नंतर परदेशचे.

अर्नाल्दो बान्यास्को यांनी १९७७ मध्ये या प्रदेशाला ‘तिसरी इटली’ म्हटले. एक महाकारखान्यांची वायव्येची, दुसरी मागासलेली दक्षिणेची आणि ही तिसरी. १९७९ मध्ये ज्याकोमो बेकात्तिनी यांनी आल्फ्रेड मार्शल यांची औद्योगिक प्रभागाची जुनी कल्पना पुन्हा मांडली. उद्योगाचा घटक एकटा कारखाना नसून तो ज्या वस्तीत रुजला ती सबंध वस्ती होय, असे या विचाराचे थोडक्यात सार सांगता येईल.

(३)

इटलीचे यंत्रकौशल्य महाराष्ट्रात तीन वाटांनी आले. पहिली वाट तयार वस्तूची. १९४८ पासून बजाज घराण्याची बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन व्हेस्पा स्कूटरी आयात करून विकू लागली.

दुसरी वाट परवान्याची. परकीय चलनाची टंचाई आणि देशी उत्पादनाचा आग्रह यांमुळे स्वातंत्र्योत्तर काळात तयार माल आणण्यापेक्षा त्याचे आराखडे आणणे अधिक सोयीचे झाले. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे १९५१ पासून फियाटच्या गाड्या जोडण्यास आरंभ केला. त्याच मालिकेतील गाडीला १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील तिच्या टॅक्सीची सेवा २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. बजाज ऑटोने पियाजिओच्या परवान्यावर स्कूटरींचे उत्पादन सुरू केले. १९७१ मध्ये तो परवाना संपताच १९७२ पासून तीच घडण ‘चेतक’ या नावाने पुढे चालली. त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने पियाजिओच्या ‘चाओ’ या मोपेडवरून ‘लुना’ आणली. १९९१ नंतरची तिसरी वाट कारखान्याचीच. पियाजिओने ग्रीव्ह्जच्या भागीदारीत १९९८ मध्ये बारामतीस तीनचाकी वाहनांचा उद्योग मांडला आणि २०१२ पासून तेथेच व्हेस्पाही बनविली. रांजणगाव येथे कर्रारो या इटालियन कंपनीच्या उद्योगात ट्रॅक्टरचे आस व गिअरपेट्या तयार होतात; मास्कियो गास्पार्दो ही शेतीयंत्रांची इटालियन कंपनीही पुण्याच्या परिसरात आली.

या तिन्ही वाटांचा नकाशा पाहिला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. मुंबई, पुणे, बारामती, रांजणगाव ही सर्व ठाणी पश्चिम महाराष्ट्रातील आहेत. तापीच्या खोऱ्यात या यंत्रांचे गिऱ्हाईक आले. यंत्रे घडविणारे हात आले नाहीत.

(४)

येथे शब्दांची साक्ष काढणे उपयुक्त ठरेल. व्हेस्पा म्हणजे इटालियनमध्ये गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. मराठीत हे शब्द आले ते केवळ नावे म्हणून; त्यांतील माशी मागेच राहिली. ‘आपे’चा उच्चार इंग्रजी अक्षरांवरून ‘ॲपे’ असा झाला, आणि जळगाव-धुळ्याकडील खेड्यांत बाजारच्या दिवशी माणसे व गाठोडी वाहणाऱ्या कोणत्याही तीनचाकी गाडीला, मग ती कोणत्याही कंपनीची असो, ‘ॲपे’ म्हणण्याची रीत पडली. विशेषनामाचे सामान्यनाम झाले, म्हणजे वस्तू समाजात पुरती मुरली. पण त्याच गाडीच्या दुरुस्तीचे शब्द पाहावेत : क्लच, गिअर, प्लग, पिस्टन, किक, स्टेपनी. यांत इटालियन शब्द नाही. इटालियन यंत्र आपल्याकडे इंग्रजी माहितीपत्रकाच्या हातून आले. इटालियन कारागिराच्या हातून नव्हे.

कापसाच्या धंद्यातील शब्द याहून बोलके आहेत. कापूस, सरकी, रुई, कवडी, फरदड, गाठ हे मालाचे शब्द मराठीच्या घरचे आहेत. मजूर, मुकादम, हजेरी, रोज हे कामाच्या व्यवस्थेचे शब्द फारसी-अरबीतून आले; पगार पोर्तुगिजांकडून आला. जिन, प्रेस, रोलर, बेल्ट, शाफ्ट, बॉयलर, फिटर हे यंत्राचे शब्द मात्र इंग्रजीचे. एकाच आवारातील हे तीन थर त्या धंद्याचा इतिहासच सांगतात : माल शेतकऱ्याचा, मजुरीची व्यवस्था जुन्या राजवटींची, यंत्र साहेबाचे.

केवळ शब्द परका आहे म्हणून ज्ञानही परके, असा निष्कर्ष काढणे अर्थातच धाडसाचे होईल. बोलोन्याच्या कारागिरानेही पुष्कळ शब्द फ्रेंच व जर्मनमधून उचलले. परंतु जेव्हा यंत्राच्या प्रत्येक अंगाचे, त्यातील बिघाडाचे आणि त्या बिघाडावरील उपायाचे शब्द एकाच परभाषेतून येतात, तेव्हा त्या यंत्राच्या घडणीत आपला हात लागलेला नाही, असे अनुमान करावयास आधार मिळतो.

(५)

खानदेशाचा इतिहास या अनुमानाला दुजोरा देतो. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तोडला व पश्चिम भारताच्या कापसाला एकाएकी भाव आला. त्याच दशकात रेल्वेमार्ग भुसावळवरून पुढे नागपूरपर्यंत गेला. हातचरखीची जागा वाफेवर चालणाऱ्या जिनांनी घेतली. फोन्स मॅकार्थी या अमेरिकन गृहस्थाने १८४० मध्ये शोधलेला रोलरचा जिन इंग्लंडात ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारखे कारखाने तयार करीत आणि तो मुंबईच्या बंदरातून आत येई. १८७० नंतरच्या दशकात मुळजी जेठा यांच्या पुढाकाराने जळगावास कापडगिरणी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी निघाली. भांडवल देशी, कापूस देशी, मजूर देशी. यंत्र तेवढे विलायती. जळगावची ती गिरणी पुढे बंद पडली, तेव्हा तिच्यामागे यंत्र घडविणारी परंपरा उरली नाही; कारण ती निर्माणच झालेली नव्हती.

अमळनेरचेच आणखी एक उदाहरण घेता येईल. १९४५ च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजी यांनी तेथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. तीच पुढे विप्रो झाली. १९७० नंतरच्या दशकात ही कंपनी हायड्रॉलिक सिलिंडरांच्या निर्मितीत शिरली, पण त्यासाठी तिने बंगळूर निवडले. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. बंगळुरात यंत्रोद्योगाची वस्ती होती. अमळनेरात तेलबिया होत्या. भांडवल सहज स्थलांतर करते, वस्ती करीत नाही.

जिनाच्या यंत्राबाबत मात्र भारतात एक वेगळी गोष्ट घडली. दुहेरी रोलरचे जिन नागपूर येथे बनू लागले, आणि तेथील यंत्रे आता आफ्रिकेतील कापूस पिकविणाऱ्या देशांतही जातात. नागपूर हे विदर्भाच्या कापूसपट्ट्याचेच केंद्र आहे. फरशीशेजारी फरशीचे यंत्र, तसे कापसाशेजारी कापसाचे यंत्र. इमोलाचा नियम येथेही लागू पडला.

खानदेशात हा नियम ज्या एका क्षेत्रात स्पष्टपणे लागू पडलेला दिसतो ते क्षेत्र पाण्याचे. वाकोदचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ मध्ये जळगावात रॉकेलच्या व्यापाराने आरंभ केला, १९७८ मध्ये केळीची भुकटी करण्याचा एक जुना कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास सुरुवात केली, त्यानंतर पी.व्ही.सी. नळ्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन. ठिबकाचे तंत्र मुळात इस्राएलकडे विकसित झालेले. परंतु कारखान्याच्या कुंपणापलीकडेच केळीचे मळे होते. नळी कोठे चोंदते, उन्हाने कोठे तडकते, केळीच्या दोन ओळींत किती अंतर लागते, हे सांगणारा शेतकरी बोलण्याच्या अंतरावर होता. या कंपनीने २००७ मध्ये इस्राएलच्या नानदान या सिंचन कंपनीत निम्मा वाटा घेतला व २०१२ मध्ये ती पूर्णपणे आपलीशी केली. ठिबकाच्या नळ्या काढणारी यंत्रे बनविणारी एक स्विस कंपनीही तिने आपल्या ताब्यात आणली होती. म्हणजे मालावरून यंत्राकडे जाण्याची पायरी जळगावने ओळखली होती. मात्र ती पायरी विकत घेऊन चढावी लागली. पुढे कर्जाचा भार वाढल्यावर २०२३ मध्ये कंपनीचा परदेशांतील सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करण्यात आला. घेतलेली पायरी आणि घडविलेली पायरी यांत हा फरक असतो : पहिली विकताही येते.

येथे पुन्हा शब्दांकडे वळू. ‘ठिबक’ हा शब्द मराठी क्रियापदावरून आला आहे आणि तो परिभाषाकोशात अडकून राहिला नाही. केळीला ठिबक केले, ठिबक गुंडाळले, ठिबकातून खत सोडले, अशी त्याची रूपे रोजच्या बोलण्यात रुळली. लॅटरल, ड्रिपर हे इंग्रजी शब्द त्याच्या सोबतीला आहेतच. तथापि जिनाच्या आवारात जे झाले नाही ते मळ्यात झाले : यंत्राचे मुख्य नाव मराठीत राहिले. आणि याच मळ्यात एक इटालियन शब्दही आहे. ठिबकाच्या पाण्यात विद्राव्य खत ओढून घेणाऱ्या अवजाराला शेतकरी ‘व्हेंचुरी’ म्हणतात. नळी मध्येच अरुंद केली की पाण्याचा वेग वाढतो, तेथील दाब घटतो आणि बाजूच्या बारीक नळीतून खताचे द्रावण आपोआप खेचले जाते. हे तत्त्व ज्याच्या नावाने ओळखले जाते तो जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेन्तुरी (१७४६–१८२२) हा पदार्थविज्ञानवेत्ता एमिलियातील रेज्जोजवळच्या बिब्बियानोचा. मोदेना येथे तो प्राध्यापक होता. ज्या प्रदेशाने पुढे यंत्रे निर्यात केली, त्याच प्रदेशातील हे नाव रावेर-यावलच्या केळीत येऊन स्थिरावले आहे.

(६)

इटलीच्या यंत्रनिर्यातीचे भवितव्य काय, याचा विचार करताना तिच्यातील एक अंतर्विरोध प्रथम पाहावा लागतो. यंत्र विकणारा देश आपल्या ग्राहकाला आपला प्रतिस्पर्धी बनवीत असतो. सास्सुओलोभोवती घडलेले फरशीचे तंत्र यंत्रांबरोबर जगभर गेले आणि ठिकठिकाणी फरशीचे नवे उद्योग उभे राहिले. गुजरातेतील मोरबीचा उद्योगही इटालियन व नंतर चिनी यंत्रांच्या आधाराने फोफावला. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आल्यावर स्वस्त चिनी यंत्रांची स्पर्धा सर्वत्र जाणवू लागली. २००८ च्या मंदीने अनेक लहान कारखाने खचले. कौटुंबिक मालकीच्या उद्योगांत वारसाचा प्रश्न बिकट झाला व काही नामांकित कंपन्या परदेशी भांडवलाच्या हाती गेल्या. असे असूनही आवेष्टनाच्या यंत्रांपैकी सुमारे चार-पंचमांश यंत्रे आजही इटलीबाहेर विकली जातात, आणि वस्त्रोद्योगाच्या इटालियन यंत्रांना चीन व तुर्कस्तान यांच्याबरोबर भारत ही प्रमुख बाजारपेठ आहे. किमतीत चिन्यांशी झुंजणे अशक्य असल्याने इटालियन निर्माता गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे यंत्र बेतून देणे, त्याची देखभाल करणे आणि संगणकीय नियंत्रण पुरविणे यांवर भर देतो. म्हणजे जुन्या वस्तीत जे तोंडी चाले, तेच तो आता दूरच्या ग्राहकाशी साधू पाहत आहे.

भारत व इटली यांनी २०२४ च्या नोव्हेंबरात २०२५ ते २०२९ या काळासाठी संयुक्त कृतियोजना जाहीर केली. तिच्यामुळे आणखी कारखाने महाराष्ट्रात येणे शक्य आहे. प्रश्न एवढाच की ते आल्यावर त्यांच्यातील ज्ञान ज्या प्रदेशात ते येतील तेथे झिरपेल काय. खानदेशातील तरुण जर जिनाचा, डाळगिरणीचा वा केळी प्रक्रियेचा केवळ चालक राहिला, तर यंत्र बंद पडताच त्याची रोजी बंद पडेल. जळगावच्या गिरणी कामगाराने हे अनुभवले आहे. तो जर यंत्र उघडून सुधारणारा झाला, तर गिरणी गेली तरी विद्या उरेल.

त्यासाठी तंत्रशाळा व कारखाना यांचा निकट संबंध हवा, हे उघड आहे. परंतु विद्यापीठाच्या इतिहास व भाषा विभागांनाही यात काम आहे. जिनात, डाळगिरणीत, केळीच्या मळ्यात अहिराणी व लेवा गणबोली बोलणारे कारागीर यंत्राचा कोणता आवाज कशाची खूण मानतात, बिघाडाला काय म्हणतात, कोणते भाग स्थानिक लोहाराकडून करवून घेतात, याची पद्धतशीर नोंद अद्याप व्हावयाची आहे. ही नोंद केवळ शब्दसंग्रह ठरणार नाही. ज्या ज्या ठिकाणी परक्या भागाला घरचे नाव मिळालेले आढळेल, त्या त्या ठिकाणी कोणीतरी तो भाग खोलला, जाणला व बदलला असण्याची शक्यता आहे. खानदेशात यंत्रोद्योगाचे बीज कोठे पडले आहे, हे शोधण्याचे ते एक साधन आहे. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ते हाती घेण्यास जिनांचा येता हंगाम योग्य आहे.